शेवटचा उपाय कधी?

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ३ मध्ये सोळा तत्त्वे सांगितली आहेत. त्यातल्या बाराव्याचा आशय असा: वाजवी चौकशी केल्यानंतर, शेवटचा उपाय म्हणूनच बालकाला संस्थेत ठेवावे.

‘संस्थेत ठेवावे’ : बालगृहात जेवण, कपडे, छप्पर मिळते; मग घाई केली तर बिघडले कुठे? याचे उत्तर रोमानियातल्या बुखारेस्टच्या संशोधनाने दिले. २००० साली सुरू झालेल्या या अभ्यासात संस्थांमधल्या १३६ लहानग्यांपैकी निम्म्यांना यादृच्छिक निवडीने प्रतिपालक कुटुंबांत पाठवले. साडेचार वर्षांच्या वयात त्यांचा सरासरी बुद्ध्यांक ८१ भरला, उरलेल्यांचा ७३. कुटुंब जितके लवकर मिळाले, तितका लाभ अधिक. रोमानियाने २००४ च्या कायद्याने दोन वर्षांखालच्या मुलांना संस्थेत ठेवणे बंद केले. अपवाद फक्त तीव्र अपंगत्वाचा.

‘शेवटचा उपाय म्हणूनच’ : म्हणजे आधीचे उपाय खरोखर करून पाहिलेले हवेत. मजुरीला गेलेल्या एकल आईची मुले घरात एकटी सापडली, की अहवालात ‘दुर्लक्ष’ लिहून मोकळे होता येते. पण पाळणाघराची सोय झाली, बालसंगोपन योजनेचे दरमहा २२५० रुपये सुरू झाले, तर ते घर सावरेल का? गरिबी हा आईचा गुन्हा नव्हे.

‘वाजवी चौकशी’ : सामाजिक तपासणीला कायद्याने पंधरा दिवस दिले आहेत. तेवढ्यात गृहभेट व्हावी, शाळेचा हजेरीपट पाहावा, आजीशी आणि शेजाऱ्यांशी बोलावे, आणि मुलाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत उतरवावे. काही ठिकाणी चौकशीला आकड्यांची जोड मिळते: अमेरिकेतल्या अ‍ॅलेघेनी काउंटीत २०१६ पासून संगणक सरकारी नोंदींवरून मुलांच्या दुर्लक्षाच्या तक्रारीला धोक्याचे १ ते २० गुण देतो. मात्र सरकारी मदत घेणाऱ्यांच्याच नोंदी अधिक असतात, म्हणून गरीब घरे त्यात जास्त दिसतात. आकडे चौकशीला दिशा देतील; तिची जागा त्यांना देऊ नये.

‘केल्यानंतर’ : जिवाला धोका असेल तर मुलाला त्याच दिवशी सुरक्षित ठिकाणी हलवावेच. मात्र तो तात्पुरता निवारा. बाल कल्याण समितीचा अंतिम आदेश चौकशीवरच उभा राहावा. आणि आदेशापाशी काम संपत नाही. घरी पाठवलेले मूल शाळेत टिकले का, बालगृहातले मूल घरी परतले का, कुणी पुन्हा समितीसमोर आले का, याची नोंद वर्षानुवर्षे ठेवून ती समितीपुढे मांडली पाहिजे. आपल्या जुन्या निर्णयांचे पुढे काय झाले हे समितीला कळले, तरच पुढच्या मुलाला अधिक चांगला न्याय मिळेल.