इंधनाची सवलत आणि कामगाराची अट

कारखान्याचे इंधन महागले म्हणजे मालक तीन दारे ठोठावतो. प्रथम तो गिऱ्हाइकाकडे जातो व मालाचा भाव वाढवून मागतो. तिथे जमले नाही तर कामगाराकडे वळतो, आणि मजुरी कमी करा किंवा माणसे कमी करा असे म्हणतो. एवढ्यानेही भागले नाही, म्हणजे मग सरकारच्या दारी उभा राहतो. पहिल्या दोन दारांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. तिसऱ्या दाराचा फारसा कोणी सांगत नाही. आम्ही अर्थशास्त्राचे पदवीधर नव्हे. जे थोडेफार वाचले ते युनियनच्या कचेरीत, पाळी सुटल्यानंतर. पण सरकार तिजोरीतून कारखान्याचे बिल भरते तेव्हा त्या पैशाबरोबर कोणती अट जाते आणि ती अट कोण लिहितो, हा प्रश्न पदवीवाचूनही पडतो. या प्रश्नाचे अलीकडचे सर्वांत बोलके उत्तर जर्मनीत मिळते, म्हणून आज तिकडची हकीकत विस्ताराने सांगावयाची आहे.

जर्मनीचे कारखाने वर्षानुवर्षे रशियाच्या स्वस्त गॅसवर चालत आले होते. २०२१ साली त्या देशात बाहेरून येणाऱ्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक गॅस रशियाचा होता. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर स्वारी केली. जूनमध्ये समुद्रतळाच्या नळातून येणारा पुरवठा घटला आणि सप्टेंबरच्या आरंभी तो पूर्ण थांबला. २०२१ च्या सुरुवातीस युरोपच्या घाऊक बाजारात गॅसला युनिटमागे सुमारे २ सेंट पडत. ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस ३० सेंटांच्या वर भाव गेला. गॅसबरोबर वीजही महागली, कारण तिथल्या वीजबाजाराची रीत अशी की, गरज भागविण्यासाठी जे सर्वांत महाग केंद्र चालवावे लागते त्याच्या भावाने सर्वांची वीज विकली जाते. मंडईत शेवटची जुडी ज्या भावाने गेली त्याच भावाने सकाळपासूनची सारी मेथी विकली जावी, तसा हा प्रकार! डुसेलडॉर्फचा हाकले हा संडासाच्या कागदाचा जुना कारखाना त्याच सप्टेंबरात दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत आला. काचेच्या भट्ट्या, खतांचे कारखाने, ओतकामाच्या फाउंड्र्या, सर्वत्र एकच हाकाटी उठली.

२९ सप्टेंबर २०२२ रोजी चॅन्सेलर ओलाफ शोल्झ यांनी २०० अब्ज युरोंपर्यंतच्या मदतीची घोषणा केली. ती वाटावयाची कशी हे ठरविण्यासाठी जे मंडळ नेमले, त्याची रचना आम्हांस मदतीच्या आकड्यापेक्षाही महत्त्वाची वाटते. त्याला तीन अध्यक्ष होते. व्हेरोनिका ग्रिम या अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका, झिगफ्रीड रुसवुर्म हे उद्योगपतींच्या महासंघाचे अध्यक्ष, आणि तिसरे मिखाएल वासिलियादिस, खाण-रसायन-ऊर्जा कामगारांच्या युनियनचे अध्यक्ष. कामगारांचा पुढारी निवेदन घेऊन दाराबाहेर उभा नव्हता; तो आत, टेबलाच्या डोक्याशी बसला होता. हे एका रात्रीत घडले नाही. कोळसा आणि पोलाद या धंद्यांत कंपनीच्या देखरेख-मंडळावर निम्म्या जागा कामगारांना देणारा कायदा त्या देशात १९५१ सालीच झाला होता.

आता योजनेचे गणित पाहू. मोठ्या कारखान्याने पूर्वी जेवढा गॅस वापरला त्याच्या ७० टक्के भागाला युनिटमागे ७ सेंट, आणि विजेला तशाच ७० टक्क्यांवर १३ सेंट, असा दर बांधला. वरचा फरक सरकारने भरावयाचा. समजा, एका कारखान्याने २०२१ साली एक कोटी युनिट गॅस जाळला आणि आता त्याचा कराराचा भाव २० सेंट आहे. सत्तर लाख युनिटांवर प्रत्येकी १३ सेंट, म्हणजे ९ लाख १० हजार युरो त्याला मिळाले. यातली मेख अशी की हिशेब जुन्या वापरावर होता. यंदा त्याने गॅस कमी जाळला तरी ही रक्कम कमी होत नव्हती. गॅसची टंचाई असताना काटकसरीला उत्तेजन द्यावे, हा त्यातला हेतू, आणि तो शहाणपणाचा होता हे आम्ही मान्य करतो.

पण कारखान्यात काटकसर दोन रीतींनी होते. एक, भट्टी सुधारून. दुसरी, भट्टी मंद करून माणसे घरी पाठवून. कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात. खताच्या कारखानदाराने अमोनिया स्वतः न बनविता परदेशातून आणला तरी गॅस वाचतो, आणि सवलतीचा पैसाही पदरात पडतो. युनियनांनी बोट ठेवले ते नेमके या जागी. १५ डिसेंबर २०२२ रोजी संसदेने कायदा मंजूर केला तेव्हा त्यात अट आली: वीस लाख युरोंहून अधिक मदत घेणाऱ्या कंपनीने ३० एप्रिल २०२५ पर्यंत नोकऱ्या टिकविण्याचा करार युनियनशी किंवा कामगारांच्या निवडलेल्या मंडळाशी करावा, ते न जमल्यास १ जानेवारी २०२३ रोजी असलेल्या नोकऱ्यांपैकी निदान ९० टक्के राखण्याची लेखी हमी द्यावी, हमी मोडली तर मदतीवर पाणी सोडावे. शिवाय अडीच कोटी युरोंच्या वर मदत घेणाऱ्यांच्या व्यवस्थापकांचे बोनस आवळले, आणि पाच कोटींच्या वर गेल्यास त्या वर्षाचा लाभांशही बंद केला. उद्योगपतींच्या संघटनांनी या अटींविरुद्ध पुष्कळ आरडाओरड केली. सार्वजनिक पैसा हवा पण त्याचा कागद नको, ही तक्रार सर्व देशांत एकाच भाषेत होते.

या अटीने सारे साधले असे मात्र कोणी समजू नये. फेब्रुवारी २०२३ मध्ये बीएएसएफ कंपनीने लुडविग्सहाफेन येथील दोन अमोनिया संयंत्रांपैकी एक कायमचे बंद करण्याचे जाहीर केले. ज्या उत्पादनाचा पायाच स्वस्त गॅस होता, त्याला वर्षभराची सवलत किती दिवस उभे ठेवणार? पुढे भाव उतरले, मदतीवर अंदाजापेक्षा पुष्कळच कमी पैसा खर्च झाला, आणि २०२३ च्या अखेरीस ही योजना संपली.

त्याच हिवाळ्यात ब्रिटनने काय केले? १ ऑक्टोबर २०२२ पासून सहा महिने, घाऊक विजेला मेगावॅट-तासास २११ पौंड आणि गॅसला ७५ पौंड हा आधार धरून, सर्व धंद्यांची बिले आपोआप कमी केली. दारूच्या गुत्त्यापासून फाउंड्रीपर्यंत सर्वांना मदत पोचली, आणि ती झटपट पोचली, हे श्रेय दिलेच पाहिजे. पण नोकऱ्यांविषयी तीत एक ओळ नव्हती. त्या ऑक्टोबरात महागाईचा दर ११.१ टक्के होता; रेल्वेचे कामगार संपावर होते आणि डिसेंबरात परिचारिकाही बाहेर पडल्या. धंद्याचे बिल सरकारने वाटून घेतले. मजुरीच्या बिलासाठी मात्र रस्त्यावर यावे लागले.

हा धडा आपणांस परका नाही. त्या वेळी प्रश्न इंधनाचा नव्हता, कापडावरील कराचा होता, एवढाच फरक. १९२५ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के काट जाहीर केली, आणि साडेतीन टक्क्यांची कापूस-जकात सरकारने उठविली तर काट मागे घेऊ असे सांगितले. सुमारे दीड लाख कामगार अडीच महिने बाहेर राहिले. डिसेंबरच्या आरंभी सरकारने जकात स्थगित केली आणि काट रद्द झाली. सवलत मालकाला मिळाली व मजुरी कामगाराला राहिली, कारण कामगार तेव्हा फाटकाबाहेर उभा होता. पण माणसे किती राहतील याचा कागद कोणी केला नव्हता. एका विणकऱ्याने दोनाऐवजी तीन माग सांभाळावेत, अशा योजना लवकरच आल्या, आणि १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत पुन्हा सार्वत्रिक संप करावा लागला.

आज इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागांना राज्य सरकार विजेच्या दरात सवलत देते. २७ अश्वशक्तीच्या आतल्यांना एक हिशेब, वरच्यांना दुसरा. ती मिळावी यासाठी मागधारकांबरोबर आम्हीही मोर्चात चाललो आहोत. वीज परवडली नाही आणि माग थांबला, तर मीटरवर मजुरी घेणाऱ्याच्या हाती त्या दिवशी काहीच पडत नाही. पण सवलत मोजली जाते ती विजेच्या युनिटावर, आणि जमा होते ती ज्याच्या नावावर जोडणी त्याच्या बिलात. दुसऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर विणणाऱ्या लहान मागधारकाकडून व्यापारी पुष्कळदा तेवढाच भाव पाडून घेतो, आणि मागावर बारा तास उभ्या असलेल्या माणसाचे त्या बिलावर नावच नसते. जर्मनीतले वीस लाख युरो आपल्या शेडला लागू नाहीत. परंतु सवलतीच्या पुढच्या आदेशात युनिटाच्या दराखाली मजुरीच्या दराची एक ओळ असावी, ही मागणी या वर्षीच्या आमच्या निवेदनात पहिल्या क्रमांकावर आहे, आणि मागधारकांच्या संघटनेने तीवर अजून सही केलेली नाही.