सांस्कृतिक शाश्वतता : मापन व तुलना (हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात)

समाजाची भाषा, कला, विधी आणि हस्तकौशल्ये एका पिढीकडून दुसरीकडे चालत राहणे म्हणजे सांस्कृतिक शाश्वतता. जॉन हॉक्स यांनी २००१ मध्ये संस्कृतीला शाश्वत विकासाचा चौथा आधारस्तंभ म्हटले.

निर्देशक : युनेस्कोची ‘कल्चर २०३०’ ही चौकट २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत चार गटांत २२ निर्देशक आहेत. संयुक्त राष्ट्रांचा ११.४.१ हा निर्देशक वारसा जतनावरील दरडोई खर्च मोजतो. भूतान स्थूल राष्ट्रीय आनंदाच्या ९ क्षेत्रांत संस्कृतीला स्वतंत्र स्थान देतो. मातृभाषा, हस्तकौशल्ये व उत्सवांतील सहभाग यांविषयी तेथे थेट लोकांनाच विचारले जाते.

हिंगोली जिल्हा : १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. लोकसंख्या ११,७७,३४५ (२०११).

भाषा : जिल्ह्यातील तांड्यांवर बंजारा समाजाची गोरमाटी बोली बोलली जाते. तिला स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत, कर्नाटकात कन्नड, तर तेलंगणात तेलुगू लिपीत लिहिली जाते. २०११ च्या जनगणनेत ‘लमाणी/लंबाडी’ या नावाने सुमारे ३२ लाख ७६ हजार भाषिकांची नोंद असून ती हिंदीच्या गटात धरली आहे. ‘बंजारी’ अशी आणखी एक नोंद त्याच गटात आहे. त्यामुळे राष्ट्रीय बेरजेत तांड्याची बोली हिंदीची संख्या वाढवते आणि स्वतः मात्र दिसेनाशी होते. भाषेची चैतन्यशीलता ठरवण्यासाठी युनेस्कोच्या तज्ज्ञगटाने २००३ मध्ये नऊ कसोट्या सुचवल्या. त्यांतली पहिली पिढ्यांमधील संक्रमणाची, म्हणजे मुले ती भाषा घरात बोलतात का, ही आहे. भाषिकांच्या एकूण संख्येवरून याचे उत्तर मिळत नाही. लग्नातले ढावलो आणि होळीतली लेंगी ही गाणी मौखिक असल्याने बोली मागे पडली की तीही मागे पडतात. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडाने (संपा. अरुण जाखडे) अशा बोलींची स्वतंत्र दखल घेतली, हे त्याचे मोठे मोल.

वारी : जिल्ह्यातील नर्सी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते; काही अभ्यासक पंढरपूरचा पक्ष मांडतात. आषाढ वद्य एकादशीला येथे परतवारीची, म्हणजे पंढरपूरहून परतणाऱ्या वारकऱ्यांची, गर्दी होते. नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबात असून पंजाबातील घुमान येथेही त्यांची स्मृती जपली जाते.  दिंडीतले अन्नदान आणि घराण्यात चालत आलेली वारी खर्चाच्या निर्देशकात सहसा उतरत नाही. म्हणून संग्रहालयांवर खर्च करणारा देश तक्त्यात वर दिसतो.

वास्तू : औंढा नागनाथ मंदिर. अशा वास्तूच्या जतनावरचा खर्च मात्र या निर्देशकात मोजता येतो.



मूल्यमापन : देशादेशांची तुलना प्रामुख्याने सरकारदरबारी आधीच नोंदलेल्या आकड्यांवर चालते. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात संस्कृतीचा मोठा भाग त्या नोंदींबाहेर राहतो. भूतानप्रमाणे घरी जाऊन विचारणे हाच त्यावर उपाय दिसतो. आणि तांड्यावर पहिला प्रश्न, आजी नातवाशी कोणत्या भाषेत बोलते, हाच असायला हवा.