मध्यरात्रीचे नागपूर: अंतर किलोमीटरचे की तासांचे?

१/९
मुंबई ते नागपूर हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर. आजचे जेट विमान ते साधारण दीड तासात कापते. मुंबईकरांच्या लेखी नागपूर तसे दूरचेच. परंतु एके काळी याच दूरच्या शहरात दररोज मध्यरात्री साऱ्या देशाची पत्रे एकत्र येत. त्या रात्रींची ही कथा.

२/९
मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. घाट आणि वळणे यांमुळे रेल्वेने हे अंतर ८३७ किलोमीटर भरते. पत्राचा वेग म्हणजे डाकगाडीचा वेग. मुंबईचे पत्र कलकत्त्यास जायचे, तर दीड दिवस तरी गाडीतच जाई.

३/९
३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपाल योजना सुरू झाली. त्या वेळी रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री एकेक विमान निघे. चौघांचे गंतव्य एकच: नागपूरचे सोनेगाव विमानतळ.

४/९
नागपूरच का? नकाशा उघडून पाहा. मुंबई-कलकत्ता आणि दिल्ली-मद्रास या दोन रेषा जवळजवळ नागपुरावरच छेदतात. दिल्लीहून मद्रासला सरळ गेले काय किंवा नागपूरमार्गे गेले काय, हवाई अंतरात नगण्य फरक पडतो. मुंबई-कलकत्त्याचेही तसेच.

५/९
आता काळाचे गणित. डाकोटा विमानाचा वेग ताशी सुमारे २७० किलोमीटर. त्या हिशेबाने मुंबईहून अडीच तास, दिल्लीहून तीन तासांहून थोडे अधिक, मद्रासहून त्याहून जास्त आणि कलकत्त्याहून साडेतीन तासांच्या वर. म्हणजे एकाच सुमारास पोहोचायचे, तर कलकत्त्याच्या विमानाने मुंबईच्या विमानाआधी तासभर निघायला हवे.

६/९
सोनेगावला थैल्यांची अदलाबदल होई आणि विमाने पहाटेपर्यंत परतत. चार विमानांच्या एका भेटीत सहा शहरजोड्यांचे टपाल दोन्ही दिशांनी पोहोचे. सवलतीच्या दरात प्रवासीही नेले जात. मात्र एका विमानाला उशीर झाला, की उरलेल्या तिघांपुढे प्रश्न उभा राही: थांबावे, की त्याच्या थैल्यांविना निघावे?

७/९
१ एप्रिल १९४९ पासून देशांतर्गत पत्रे जादा आकाराविना विमानाने जाऊ लागली. हवाई टपाल ही केवळ धनिकांची चैन उरली नाही. गिरणी कामगाराचे पत्रही व्यापाऱ्याच्या पत्राशेजारी बसून उडू लागले.

८/९
या वेगाची किंमतही मोजावी लागली. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री नागपूरहून उड्डाण करताच एक डाकोटा कोसळले. १३ जणांचे प्राण गेले. सकाळी दारात पडणाऱ्या पत्रामागे अंधारात उडणारी माणसे होती, हे इतिहासाने विसरू नये.

९/९
पुढे वेगवान जेट विमाने आली, महानगरे परस्परांशी थेट जोडली गेली आणि १९७० च्या दशकात ही व्यवस्था मावळली. नागपूर नकाशावरून तसूभरही हलले नव्हते. विमानांना वाटेत उतरण्याची गरज उरली नाही, एवढेच. भूगोल शहराला स्थान देतो; त्या स्थानाचे महत्त्व मात्र त्या त्या काळाची वाहने ठरवतात. घरातील जुन्या पत्रांवरचे शिक्के एकदा निरखून पाहा. पत्र निघाल्याची आणि पोहोचल्याची तारीख यांमधील अंतर हाही इतिहासाचा पुरावा आहे.