नाना शंकरशेट : निवड कीं नेमणूक?

मुरबाड हें गांव ठाणें जिल्ह्यांत, कल्याणच्या पूर्वेस आहे. जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे ऊर्फ नाना यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजीं येथें झाला. ते मुंबईच्या कायदेकौन्सिलाचे सभासद होते, हें आमच्या प्रांतांत सर्वश्रुतच आहे. परंतु ‘ते निवडून आले’ असें जें कित्येकदां लिहिलें जातें तें प्रमादास्पद असल्यानें त्याचा येथें परामर्श घेत आहों.

१८६१ च्या कायद्यान्वयें निर्माण झालेल्या या कौन्सिलांत लोकांनीं निवडलेला एकहि सभासद नव्हता. १८६२ सालीं नाना आंत गेले ते गव्हर्नरांच्या नेमणुकीनें. पुढें आलेल्या मसुद्यावर बोलावें, एवढाच अधिकार. प्रश्न विचारण्याची व अंदाजपत्रकावर चर्चा करण्याची मुभा १८९२ च्या कायद्यानें मिळाली. नाना तर ३१ जुलै १८६५ रोजींच निवर्तले होते.

मग या पदाचें महत्त्व कोणतें? आमच्या मतें नानांचें खरें कार्य कौन्सिलाच्या दाराबाहेर झालें. १८४७ च्या सुमारास शिक्षणमंडळांत अध्यक्ष पेरी इंग्रजीचा कैवार घेत असतां नानांनीं देशी भाषांतून शिक्षण देण्याचा पक्ष लेखी मांडला. २६ ऑगस्ट १८५२ रोजीं स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते अध्वर्यु होते. त्या सभेनें पार्लमेंटास धाडलेल्या अर्जांत एतद्देशीयांस राज्यकारभारांत वाटा मागितला होता. दहा वर्षांनीं अर्जदारांचा अग्रणीच कौन्सिलांत बसला. हें केवळ अर्जाचें फळ नव्हे; १८५७ च्या उठावानंतर एतद्देशीयांचें मत जाणून घेण्याची निकड सरकारासहि भासली होती. तथापि नेमावयास योग्य असा पुरुष अगोदर लोककार्यांत तयार झालेला होता, ही गोष्ट विसरतां येत नाहीं.

मॅट्रिकच्या परीक्षेंत संस्कृतांत पहिल्या येणाऱ्यास त्यांच्या नांवाची शिष्यवृत्ति मिळे. तिच्या आशेनें आम्हीं कित्येक विद्यार्थ्यांकडून रूपावली घोकवून घेतली. या ऋणामुळेंच सत्य सांगणें आम्हांस अधिक अवश्य वाटतें. थोर पुरुषाचा गौरव चुकीच्या शब्दानें वाढत नाहीं. उलट, मतपेटीचें पाठबळ नसतां त्यानें जें साधलें तें झांकलें जातें.

म्हणून संग्राहकांस विनंति कीं, आपल्या दप्तरांतील कागदांची टिपणें करतांना ‘निवड’ व ‘नेमणूक’ हे दोन शब्द निरनिराळे ठेवावे. इत्यलम्.