साहिबजानचा नकार

‘पाकीजा’चे नाव निघाले की आमच्या घरात अजूनही नानीची आठवण निघते. मराठवाड्यातल्या आमच्या गावी तंबूच्या टॉकीजमध्ये तिने तो पाहिला होता. बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे, मधे कापडाचा आडोसा. नानीला कुरआन शरीफ वाचता यायचे, बाकी लिहिणे-वाचणे नाही. पण त्या सिनेमातला एक प्रसंग ती इतक्या बारकाव्यांनिशी सांगायची की मी तो पडद्यावर पाहण्याआधीच मला पाठ झाला होता. तो मुजऱ्याचा नव्हता, आगगाडीच्या डब्यातल्या त्या प्रसिद्ध चिठ्ठीचाही नव्हता. तो निकाहाचा होता.

सिनेमाची जन्मकथा अनेकांना ठाऊक असेल. कमाल अमरोहींनी तो १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू केला. नायिका त्यांची पत्नी मीनाकुमारी. आधी कृष्णधवल, मग रंगीत, मग सिनेमास्कोप. १९६४ मध्ये पती-पत्नी वेगळे झाले आणि काम थांबले. १९६७ साली छायाचित्रकार योसेफ विर्शिंग गेले, १९६८ साली संगीतकार गुलाम मोहम्मद. पार्श्वसंगीत पुढे नौशाद यांनी पुरे केले. १९६९ मध्ये चित्रीकरण पुन्हा सुरू झाले तेव्हा मीनाकुमारी इतकी आजारी होती की नाचाच्या काही दृश्यांत तिच्याऐवजी पद्मा खन्ना उभी राहिली. ४ फेब्रुवारी १९७२ रोजी मुंबईच्या मराठा मंदिरात सिनेमा लागला आणि ५६ दिवसांनी, ३१ मार्चला, मीनाकुमारी अल्लाला प्यारी झाली. त्यानंतर थिएटरांवर गर्दी उसळली.

म्हणून पुष्कळजण म्हणतात, लोक सिनेमाला नाही, मयतीला गेले. मला हे अर्धेच पटते. मयतीचे रडणे चाळीस दिवसांत ओसरते. इथे पन्नास वर्षे उलटली तरी बायकांचे डोळे भरून येतात.

माझी एक तक्रार मात्र आहे. हिंदी सिनेमाने मुसलमान दाखवला तो बहुधा नवाब, शायर नाहीतर तवायफ. ‘पाकीजा’त तर झुंबरे, कारंजी आणि गुलाबी महाल. कलादिग्दर्शन एन. बी. कुलकर्णी या मराठी माणसाचे, त्याला फिल्मफेअर पारितोषिकही मिळाले. आमच्या मोहल्ल्यात पत्र्याची घरे होती आणि रॉकेलचे कंदील. लखनौचा तो थाट आमच्या बायकांनी कधी पाहिलेला नव्हता. मग त्या कुणासाठी रडल्या?

कथा आठवून पाहा. नर्गिस नावाची तवायफ शहाबुद्दीनशी संसार मांडू पाहते. त्याच्या खानदानाचा दरवाजा तिच्यासाठी उघडत नाही. ती कब्रस्तानात जाऊन राहते, तिथेच मुलीला जन्म देऊन मरते. ही मुलगी, साहिबजान, मावशीच्या कोठ्यावर वाढते. आई आणि मुलगी दोघीही मीनाकुमारीच. पुढे सलीम तिला कोठ्यापासून दूर नेतो, पण जिथे जातील तिथे कुणीतरी तिला ओळखतेच. शेवटी तो तिला निकाहासाठी घेऊन येतो. मौलवीसाहेब नाव विचारतात. सलीम सांगतो, पाकीजा. मग तिला कबुली विचारली जाते, आणि ती ‘नाही’ म्हणून ओरडते, धावत सुटते.

सलीमने दिलेल्या नावात प्रेम आहे, यात शंका नाही. पण त्या नावाने तिचे स्वतःचे नाव पुसले जाते, हेही खरे. महजबीन बानोचेही असेच झाले होते. शाळेच्या वयात ती स्टुडिओत होती. विजय भट्ट यांनी तिला बेबी मीना केले. ‘नाज’ हे एक नाव तेवढे तिने शायरीसाठी घेतले. शिक्षिका म्हणून मी दरवर्षी जनरल रजिस्टरात मुलींची नावे लिहिते, तेव्हा पुढचा वडिलांच्या नावाचा रकाना पाहून साहिबजान आठवते. त्या मौलवीने बापाचे नाव विचारले असते तर तिने काय सांगितले असते?

शरीयतने मुलीच्या रजामंदीशिवाय निकाह ठेवला नाही. आपल्याकडे ही रजामंदी कशी घेतात तेही आपण जाणतो. वकील आणि गवाह आत येतात, ओढणीखाली मान खाली असते, शेजारची कुणी चाची म्हणते, ‘हां बोली, हां बोली.’ नानीचा निकाह चौदाव्या वर्षी झाला. तिच्या वतीने कोण ‘हां’ बोलले ते तिला आठवत नव्हते. साहिबजानबद्दल मात्र ती म्हणायची, ‘उसकू पूछे तो सही. अन् उने ना बोली.’

साहिबजान नकार देते ती सलीमवर प्रेम नाही म्हणून नव्हे. आपल्या नावाचा डाग त्याला लागू नये म्हणून. म्हणजे तोही त्यागच, असे कुणी म्हणेल. नानीला हा फरक मी एकदा समजावून सांगू लागले. तिने सुपारी कातरता कातरता ऐकून घेतले.

‘पर बोली ना उने,’ ती म्हणाली.

पुढे सलीमच्या लग्नातला काचांवरचा नाच, रक्ताळलेली पावले, मावशीचा आक्रोश, शहाबुद्दीनचा मृत्यू आणि अखेर कोठ्यावर आलेली बारात. मी नानीला विचारले, ‘डोली जाती वो याद है?’

‘डोली?’ नानी म्हणाली. ‘वो कब आयी? ना बोलके भागी ना, वहींच खतम.’