सही कोणाची, जबाबदारी कोणाची?

२२ सप्टेंबर १९६२. दिल्लीच्या साउथ ब्लॉकमध्ये संरक्षण मंत्रालयाची बैठक भरली होती. पंतप्रधान नेहरू राष्ट्रकुल परिषदेसाठी परदेशात, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन संयुक्त राष्ट्रसंघाच्या कामाला न्यूयॉर्कला. अध्यक्षस्थानी मेनन यांच्या हाताखालचे मंत्री रघुरामय्या. नेफामधून चिनी सैनिकांना हुसकावून लावायचे, असे आधीच ठरत आलेले. लष्करप्रमुख जनरल थापर यांना मात्र त्याच्या परिणामांची धास्ती होती. त्यांनी सरळ सांगितले, हुकूम लेखी द्या. तो मिळाला. खाली सही होती सहसचिव एच. सी. सरीन यांची.

पंतप्रधानांची नाही, संरक्षणमंत्र्यांची नाही, संरक्षण सचिवांचीही नाही. सहसचिवांची! पुढच्या महिन्यात काय झाले ते आपल्याला माहीत आहे.

हे वाचल्यावर कुणालाही वाटेल की काहीतरी नियमबाह्य घडले. गंमत अशी की तसे काहीच घडले नव्हते. आपल्या राज्यघटनेच्या ७७व्या कलमाप्रमाणे केंद्र सरकारचा प्रत्येक हुकूम राष्ट्रपतींच्या नावाने निघतो आणि त्यावर अधिकृत अधिकाऱ्याने सही करायची असते. सचिव, अतिरिक्त सचिव, सहसचिव, उपसचिव, अवर सचिव या सगळ्यांना तो अधिकार आहे. सरीन यांनी आपले काम केले. पण सहीचा अधिकार ही एक गोष्ट झाली आणि निर्णयाची जबाबदारी ही दुसरी. संरक्षण मंत्रालयाचा इतिहास चाळताना मला हाच प्रश्न पुन्हा पुन्हा भेटत राहिला.

मुळात हे काम वाटायचे कसे, हा वाद इंग्रजांच्या काळापासूनचा. लॉर्ड कर्झनच्या वेळी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात दोन लष्करी माणसे असत. सरसेनापतीने लढाईचे बघायचे आणि 'मिलिटरी मेंबर'ने रसद, पुरवठा आणि कारभार सांभाळायचा. किचनेर सरसेनापती झाला आणि म्हणाला, हे दोन्ही माझ्याच हाती हवे. भांडण इतके पेटले की १९०५ साली कर्झननेच राजीनामा दिला. किचनेरचे म्हणणे खरे झाले. पण पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या मोहिमेत हिंदी सैन्याचे औषधपाण्यावाचून जे हाल झाले, त्याची चौकशी झाली तेव्हा ठपका याच व्यवस्थेवर आला. एकाच माणसाच्या डोक्यावर लढाईही आणि पुरवठाही, हे ओझे पेलवले नाही.

स्वातंत्र्यानंतर आपण उलट टोकाला गेलो, असे माझे मत आहे. लॉर्ड इस्मे यांच्या सल्ल्याने १९४७ साली समित्यांची एक उतरंड रचली गेली. वर मंत्रिमंडळाची संरक्षण समिती, तिच्याखाली संरक्षणमंत्र्यांची समिती, तिच्याखाली तिन्ही दलप्रमुखांची. पहिली काही वर्षे एच. एम. पटेल यांच्यासारखा कर्तबगार संरक्षण सचिव होता, त्यामुळे गाडे चालले. पण तिन्ही दलांची मुख्यालये मंत्रालयाच्या बाहेरच राहिली. मुख्यालयाने प्रस्ताव पाठवायचा, मंत्रालयाने तो तपासायचा. एका सहसचिवाकडे एका दलाचा विषय, दुसऱ्याकडे दुसऱ्या दलाचा. पैशाचा प्रश्न आला की फाइल वित्तीय सल्लागाराकडे, आणि तो माणूस तेव्हा अर्थमंत्रालयाचा! जवानाच्या कोटाची फाइल या सगळ्यांच्या टेबलांवरून फिरून येईपर्यंत थंडी येऊन जायची.

१९६२च्या पराभवानंतर हेंडरसन ब्रुक्स आणि भगत यांनी चौकशी केली, पण तिचा विषय लष्करापुरता होता. मंत्रालयात कोणी काय केले आणि काय केले नाही, हे त्या चौकशीच्या कक्षेतच नव्हते.

इथे आपल्या यशवंतराव चव्हाणांचा प्रवेश होतो. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. पण सह्याद्रीने दिल्लीला जाऊन नेमके काय केले, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

ते पोचण्याआधीच मंत्रालयाचे एक नवे विभाजन झाले होते. नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षण उत्पादनाचा वेगळा विभाग निघाला. मेनन यांच्याकडून संरक्षण खाते काढून घेतल्यावर त्यांना आधी तेच काम दिले होते, पण आठवड्याभरात त्यांना तेही सोडावे लागले. यशवंतरावांच्या काळात या वाटणीला वळण लागले. पी. व्ही. आर. राव संरक्षण सचिव होते. सैन्य, धोरण आणि समन्वय त्यांच्याकडे, तर कारखाने आणि दारूगोळा उत्पादन विभागाकडे. १९६५ साली पुरवठ्यासाठी आणखी एक विभाग झाला. १९६४ ते ६९ची पंचवार्षिक संरक्षण योजना झाली. सव्वाआठ लाखांचे सैन्य आणि ४५ स्क्वाड्रन्सचे हवाई दल हे तिचे उद्दिष्ट. ओझरचा मिग विमानांचा कारखाना, वरणगाव, भंडारा आणि अंबाझरीचे दारूगोळ्याचे कारखाने ही सगळी त्याच काळाची देणगी.

पण मला त्याहून मोलाची वाटते ती त्यांची एक साधी सवय. दररोज सकाळी ते तिन्ही दलप्रमुखांना आणि सचिवांना एका टेबलाभोवती बसवत. औपचारिक विषयपत्रिका नाही, लांबलचक टिपणे नाहीत. काल काय झाले, आज काय अडले, कोण सोडवणार? जे विभाग कागदावर वेगळे केले होते, ते रोज सकाळी असे एकत्र शिवले जात.

त्याचे फळ १ सप्टेंबर १९६५ला दिसले. छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले होते. दुपारी जनरल चौधरी आणि एअर मार्शल अर्जन सिंग मंत्र्यांसमोर आले. हवाई दल वापरायचे म्हणजे युद्धाची पायरी वाढवायची. यशवंतरावांनी मिनिटांत होकार दिला आणि त्याच संध्याकाळी विमाने उडाली. तीन वर्षांपूर्वीच्या त्या लेखी हुकमाशी याची तुलना करून बघा. इथे कोणी कोणाची सही मागितली नाही, कारण जबाबदारी कोणाची याबद्दल खोलीत कोणालाच शंका नव्हती.

दुर्दैव असे की ती सवय नियमांच्या पुस्तकात लिहिलेली नव्हती. माणूस गेला की सवयही जाते. विभाग मात्र वाढत राहिले. १९८० साली संशोधनाचा स्वतंत्र विभाग झाला. १९८३ साली वित्तीय सल्लागार एकदाचा संरक्षण मंत्रालयात आला. १९८४ साली उत्पादन आणि पुरवठा एकत्र झाले. २००४ साली माजी सैनिकांसाठी वेगळा विभाग निघाला. प्रत्येक विभागाला एक सचिव आणि प्रत्येक सचिव आपल्या घरचा राजा. समन्वयाचे काम संरक्षण सचिवाचे खरे, पण हुद्दा सारखाच असलेल्या माणसाला तो हुकूम कसा देणार?

मग १९९९ साली कारगिल झाले. के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने स्पष्ट लिहिले की सैन्याची मुख्यालये सरकारच्या बाहेर ठेवणारी आपली पद्धत मोठ्या लोकशाही देशांत वेगळीच आहे. आम्ही ज्या देशात राहतो, तिथे लंडनच्या व्हाइटहॉलमध्ये १९६४ साली नौदल, भूदल आणि हवाई दल यांची जुनी खाती एका मंत्रालयात आणली गेली. संरक्षण दलप्रमुख आणि सनदी सेवेतला मुख्य सचिव हे तिथे मंत्र्याचे बरोबरीचे सल्लागार. पैशाचा हिशेब पार्लमेंटला द्यायचा तो मुख्य सचिवाने. इथेही कुरबुरी कमी नाहीत, पण कोणते उत्तर कोणी द्यायचे ते माहीत असते.

दिल्लीत त्या दिशेने पाऊल पडायला वीस वर्षे लागली. डिसेंबर २०१९ मध्ये सैन्य व्यवहार विभाग निघाला आणि १ जानेवारी २०२०ला जनरल बिपिन रावत पहिले संरक्षण दलप्रमुख झाले, त्याच विभागाचे सचिव म्हणूनही. तिन्ही दलांचा कारभार त्यांच्याकडे गेला. मोठी भांडवली खरेदी आणि 'भारताचे संरक्षण' हा विषय मात्र नियमांप्रमाणे संरक्षण सचिवाकडेच राहिला. डिसेंबर २०२१ मध्ये रावत यांचा हेलिकॉप्टर अपघातात मृत्यू झाला आणि नवी नेमणूक व्हायला जवळजवळ दहा महिने लागले.

कामाची वाटणी चुकीची आहे असे मी म्हणत नाही. एवढा पसारा एका माणसाला झेपणार नाही, हे किचनेरने दाखवून दिलेच. पण आपण प्रत्येक संकटानंतर एक नवा विभाग काढतो आणि रोज सकाळी कोणी कोणाबरोबर बसायचे हे ठरवायला विसरतो. यशवंतरावांची आठवण काढताना त्या घोषणेबरोबर ही सकाळची बैठकही मुलांना सांगायला हवी. बर्फात उभ्या असलेल्या जवानाला आपली फाइल कोणत्या विभागात आहे हे कळत नाही. तिचे उत्तर कोण देणार, एवढे तरी त्याला कळावे.