माकडे मेली, म्हणून ताप सापडला

राबाला पालापाचोळा, चुलीला सरपण, यासाठी आपण इगतपुरीच्या बाया डोंगर तुडवतो. आज आम्ही याच सह्याद्रीतल्या, पण पार दक्षिणेकडच्या एका तापाचा इतिहास सांगणार आहोत. त्यातही पाचोळा आहे, गुरे आहेत आणि जंगलात जाणाऱ्या बाया आहेत.

साल १९५७. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाचे जंगल आहे. तिथे माकडे मरून पडू लागली, आणि आसपासच्या गावांत माणसेही तापाने फणफणली. कानडी लोक त्याला ‘मंगन कायिले’ म्हणतात, म्हणजे माकडाचा आजार. शास्त्रज्ञ यायच्या आधीच गावाने दोन्हींचा संबंध जोडला होता, हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते.

पुण्यात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले होते. आज तीच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, करोनात जिचे नाव आपण रोज ऐकत होतो. तिथली माणसे क्यासनूरला गेली. आधी त्यांच्या पोटात गोळाच आला. आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत पीतज्वर नावाचा ताप आहे, त्यातही माकडे मरतात. तो भारतात शिरला की काय? तपासणीत विषाणू निघाला वेगळाच, रशियाकडच्या गोचिडीच्या तापाचा भाऊबंद. पसरवणारी होती गोचीड. मोठी नव्हे, तिचे बारीक पिल्लू, जे अंगावर चढले तरी दिसत नाही.

पण हा ताप तेव्हाच का उसळला? होर्हे बोशेल नावाच्या शास्त्रज्ञाने यावर बरेच काम केले. शेतीसाठी जंगल तोडले, कडेला घाणेरीची झुडपे माजली, तिथे गुरे चरू लागली. गुरांच्या रक्तावर गोचिडी पोसल्या आणि वाढल्या. म्हणजे आजाराचे मूळ शोधायला माणसाच्या रक्ताइतकेच जंगलाच्या कडेकडे बघावे लागले.

पुढे हा ताप उत्तरेकडे सरकला. २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात तो आला. काजूचा हंगाम आणि तापाचा हंगाम एकच, डिसेंबर ते मे. आपले राब भाजायचे दिवसही त्यातच येतात.

एकदम चढलेला ताप, कपाळ फुटेल असे डोके दुखणे, अंग ठणकणे, काहींना नाकातून, हिरड्यांतून रक्त, अशी लक्षणे असतात. शंभरात तीन ते पाच रुग्ण दगावतात. माणसापासून माणसाला तो होत नाही, त्यामुळे आजारी बाईला वाळीत टाकायचे काही कारण नाही. खास औषध नाही, पण वेळेत दवाखाना गाठला तर बहुतेक जण बरे होतात. लस होती, ती पुरेशी काम करत नाही म्हणून २०२२ मध्ये बंद केली. नवीवर काम चालू आहे.

दोडामार्गकडच्या बायांना जे सांगतात ते आपल्यालाही चालण्यासारखे आहे. जंगलात जाताना अंगभर कपडे घालायचे. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून अंघोळ करायची. पाचोळा गोठ्यात अंथरायचा नाही. ताप आला तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता, जंगलात गेले होते, हे आपणच सांगायचे. आणि मेलेले माकड दिसले तर हात न लावता त्याच दिवशी आशाताईंना नाहीतर वनरक्षकाला कळवायचे.